शोथनिर्देशक आणि एचआयव्ही संसर्ग

शरीरात शोथाची म्हणजे दाहयुक्त प्रतिक्रियेची क्रिया चालू असल्याचे सुचविणारे आणि रक्तपरीक्षणाने मोजता येणारे जे पदार्थ वा गुणधर्म आहेत, त्यांना शोथनिर्देशक म्हणतात. तांबड्या कोशिकांचा अवसादन वेग, सी-प्रतिक्रियाशील प्रथिन, इंटरल्यूकिन-६ व डी-डायमर हे त्यांपैकी प्रमुख होत. मानवी प्रतिरक्षा-न्यूनता व्हायरसाचा म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग झालेल्या व्यक्तींमध्ये हे निर्देशक निरोगी व्यक्तींच्या मानाने वाढलेले आढळणे, ही नेहमीची गोष्ट आहे. या वाढीचा अर्थ मात्र काळानुसार बदलत गेला. प्रारंभी तिच्याकडे एड्स जवळ आल्याची खूण म्हणून पाहिले गेले. पुढे व्हायरसाचे रक्तातील प्रमाण मोजता येऊ लागल्यावर ती मागे पडली. आणि २००६ नंतर हृदय, वृक्क, यकृत इत्यादींच्या विकारांची पूर्वसूचना म्हणून ती पुन्हा महत्त्वास चढली. या बदलांचा इतिहास समजून घेतल्याखेरीज रुग्णाच्या हाती पडलेल्या अहवालातील एखाद्या वाढीव आकड्याचा नेमका अर्थ लावता येत नाही.

पूर्वेतिहास : लाली, सूज, उष्णता व वेदना ही शोथाची चार लक्षणे इ. स. पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने नोंदविली. ती डोळ्यांना दिसणारी वा हाताला जाणवणारी होती. शरीराच्या आत चाललेला शोथ ओळखण्यास तेव्हा साधन नव्हते. रक्तमोक्षण करणाऱ्या जुन्या यूरोपीय वैद्यांना मात्र एक गोष्ट परिचित होती : ज्वरपीडित व्यक्तीचे रक्त भांड्यात ठेवले असता त्यावर फिकट रंगाचा जाड थर जमतो. तांबड्या कोशिका नेहमीपेक्षा लवकर तळाशी बसल्यामुळे तो जमतो, हे पुष्कळ नंतर कळले.

या निरीक्षणाला मापनाचे रूप पोलिश वैद्य एडमंड बीएरनात्स्की यांनी १८९७ मध्ये दिले. स्वीडिश शास्त्रज्ञ रॉबिन फोरेउस यांना १९१८ मध्ये गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील कोशिका अधिक वेगाने खाली बसतात असे आढळले व १९२१ मध्ये त्यांनी या घटनेचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी आल्फ व्हेस्टरग्रेन यांनी फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णांवर ही कसोटी वापरली [⟶ क्षय रोग]. सोडियम सायट्रेट मिसळलेले रक्त उभ्या नळीत ठेवून एका तासात कोशिका किती मिमी. खाली बसल्या हे मोजण्याची त्यांची पद्धत आजही प्रमाण मानली जाते. शोथात फायब्रिनोजेन व ग्लोब्युलिने ही प्रथिने वाढली की, तांबड्या कोशिका नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींना चिकटतात व जड झालेल्या चळती झपाट्याने खाली बसतात, हे या कसोटीमागील तत्त्व होय.

दुसरा महत्त्वाचा निर्देशक न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सापडला. विल्यम टिलेट व टॉमस फ्रान्सिस या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३० मध्ये असे दाखविले की, न्यूमोकॉकस सूक्ष्मजंतूंपासून मिळविलेल्या ‘सी’ या घटकाशी फुप्फुसशोथाच्या रुग्णाच्या रक्तरसाचा संयोग केल्यास साका तयार होतो. रुग्ण बरा होऊ लागताच हा गुण नाहीसा होतो. ऑझ्‌वल्ड एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये याला कारणीभूत असलेला पदार्थ प्रथिन असल्याचे दाखविले व त्यास ‘सी-प्रतिक्रियाशील प्रथिन’ (पुढे ‘सीआरपी’) हे नाव मिळाले. मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४७ मध्ये ते स्फटिकरूपात मिळविले. हे प्रथिन यकृतात तयार होते. त्याच्या निर्मितीस चालना देणाऱ्या इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहक प्रथिनाचे जनुक जपानमधील तोशिओ हिरानो, तादामित्सु किशिमोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये वेगळे केले. तीव्र सूक्ष्मजंतुसंसर्गात सीआरपी काही तासांतच वाढू लागते, सु. दोन दिवसांत कमाल पातळी गाठते व तिची वाढ १,००० पटींपर्यंतही जाऊ शकते. रक्तातील त्याचे अर्धायुष्य सु. १९ तासांचे असल्याने कारण दूर होताच ते लवकर उतरते. अवसादन वेग मात्र सावकाश चढतो व सावकाश उतरतो. या दोहोंतील हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

एड्सच्या प्रारंभीचा काळ : एड्सविषयीचा पहिला अधिकृत वृत्तांत ५ जून १९८१ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रांस्वाझ बारे-सिनूसी, ल्यूक माँतान्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्याला कारणीभूत असलेला व्हायरस वेगळा केला. १९८५ मध्ये रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी उपलब्ध झाली. परंतु संसर्ग झालेल्यांपैकी कोण लवकर आजारी पडेल व कोण अनेक वर्षे धडधाकट राहील, हे सांगण्याचे साधन नव्हते. सीडी-४ या खुणेने ओळखल्या जाणाऱ्या लसीका कोशिकांची गणना हा त्यासाठी मुख्य आधार होता.

याच सुमारास एक विसंगती लक्षात आली. प्रतिरक्षा यंत्रणा खचत चाललेल्या या रुग्णांच्या रक्तात त्याच यंत्रणेच्या अतिउत्तेजनाच्या खुणा विपुल दिसत. महाभक्षी कोशिकांतून स्रवणारे निओप्टेरिन आणि कोशिकांच्या पृष्ठभागावरून सुटणारे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन यांची पातळी वाढलेली असे; प्रतिपिंडांचे एकूण प्रमाणही अतोनात वाढलेले असे. अमेरिकेतील जॉन फाही व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले की, सीडी-४ गणनेच्या जोडीला या दोहोंपैकी एकाची मोजणी केल्यास रोगाच्या पुढील वाटचालीचे भाकीत अधिक चांगले करता येते. या वाढीकडे केवळ परिणाम म्हणून न पाहता रोगाचे एक कारण म्हणून पाहावे, अशी मांडणी मायकेल ॲशर व हेन्स शेपर्ड यांनी १९८८ मध्येच केली होती. निसर्गतः या जातीचा व्हायरस बाळगणाऱ्या सूटी मँगबी या आफ्रिकी माकडांच्या अभ्यासाने तिला पुढे बळ मिळाले : या माकडांच्या रक्तात व्हायरस मुबलक असतो, पण चिरकारी अतिउत्तेजन नसते आणि त्यांना सहसा एड्स होत नाही.

तथापि १९९६ मध्ये दोन घटना घडल्या. जॉन मेलर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तद्रवातील व्हायरसाच्या प्रमाणावरून रोगाचे भवितव्य सांगता येते हे दाखविले. आणि तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने हे प्रमाण मोजता न येण्याइतके खाली आणता येऊ लागले. व्हायरस व सीडी-४ गणना या दोन आकड्यांवरच सर्व लक्ष केंद्रित झाले. शोथाची मोजणी संशोधनालयापुरती उरली.

स्मार्ट चाचणी व तिचे परिणाम : उपचार प्रभावी ठरला, तरी त्या काळची औषधे त्रासदायक व महाग होती. सीडी-४ गणना चांगली असताना औषधे थांबवावी व ती घसरल्यावर पुन्हा सुरू करावी, म्हणजे दुष्परिणाम टळतील, असा विचार पुढे आला. तो पारखण्यासाठी २००२ मध्ये ‘स्मार्ट’ या नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू झाली. तीत ३३ देशांतील ५,४७२ व्यक्तींनी भाग घेतला. सर्वांची सीडी-४ गणना प्रारंभी दर घन मिमी.ला ३५० पेक्षा अधिक होती. एका गटाचा उपचार अखंड चालू ठेवला; दुसऱ्या गटाचा थांबवून गणना २५० च्या खाली गेल्यावर पुन्हा सुरू केला. जानेवारी २००६ मध्ये नवी नोंदणी थांबवावी लागली, कारण उपचार खंडित केलेल्या गटात संधिसाधू रोग वा मृत्यू १२० जणांच्या बाबतीत घडला होता व अखंड उपचाराच्या गटात ४७ जणांच्या बाबतीत. एकूण मृत्यू अनुक्रमे ५५ व ३० होते.

यातील अनपेक्षित भाग वेगळाच होता. औषधांचे दुष्परिणाम टळून हृदय, वृक्क व यकृत यांचे गंभीर विकार कमी होतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते खंडित गटातच अधिक म्हणजे ६५ जणांत, तर अखंड गटात ३९ जणांत आढळले. औषधांपेक्षा अनावर व्हायरसच या इंद्रियांना अधिक घातक ठरत होता. पण कोणत्या मार्गाने?

या प्रश्नाचे उत्तर साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांत शोधले गेले. लूइस कुलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये, मृत्यू पावलेल्या ८५ व्यक्तींच्या प्रारंभीच्या नमुन्यांची तुलना हयात असलेल्या १७० व्यक्तींच्या नमुन्यांशी केली. डी-डायमर हा रक्ताच्या गुठळीतील फायब्रिनाचे विघटन होताना सुटणारा तुकडा होय. त्याची पातळी सर्वांत वरच्या चतुर्थांशात असलेल्यांमध्ये, सर्वांत खालच्या चतुर्थांशाच्या तुलनेत, मृत्यूच्या शक्यतेचे गुणोत्तर १२·४ आढळले. इंटरल्यूकिन-६ च्या बाबतीत ते ८·३, तर सीआरपीच्या बाबतीत केवळ २·० होते. औषधे थांबविल्यावर एका महिन्यातच इंटरल्यूकिन-६ सु. ३० टक्क्यांनी व डी-डायमर सु. १६ टक्क्यांनी वाढल्याचेही दिसले. घटना थोड्या असल्याने हे आकडे ढोबळ मानावे लागतात. परंतु त्यांची दिशा पुढील अभ्यासांतही टिकून राहिली. २०१५ मध्ये निष्कर्ष हाती आलेल्या ‘स्टार्ट’ चाचणीत ४,६८५ व्यक्ती होत्या. सीडी-४ गणना ५०० पेक्षा अधिक असतानाही लगेच उपचार सुरू केलेल्यांत गंभीर घटना ४२, तर वाट पाहणाऱ्यांत ९६ आढळल्या. तेव्हापासून निदान होताच उपचार सुरू करणे हे जगभर मान्य झाले.

शोथ टिकून राहण्याची कारणे : एआरटी या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या व्हायरसविरोधी उपचाराने निर्देशक पुष्कळ खाली येतात, पण अनेकदा निरोगी व्यक्तींच्या पातळीपर्यंत पोहोचत नाहीत. याचे एक कारण आतड्यात आहे. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातील सीडी-४ कोशिकांचा मोठा नाश होतो व तो पूर्णपणे भरून येत नाही. जेसन ब्रेंच्ली, डॅनियल डूएक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले की, अशा दुबळ्या झालेल्या अस्तरातून सूक्ष्मजंतूंचे घटक रक्तात झिरपतात व प्रतिरक्षा यंत्रणेला सतत डिवचत राहतात. याखेरीज सायटोमेगॅलोव्हायरस, यकृतशोथाचे व्हायरस यांसारखे सहसंसर्ग, सुप्त कोशिकांतून अधूनमधून होणारी व्हायरसाची निर्मिती, धूम्रपान, लठ्ठपणा, हिरड्यांचे विकार आणि वाढते वय हीही कारणे आहेत. एखाद्या व्यक्तीत यांपैकी कशाचा वाटा किती, हे निर्देशकाच्या एका आकड्यावरून कळत नाही.

अर्थ लावताना घ्यावयाची दक्षता : (१) अवसादन वेग हा एचआयव्हीबाधितांत सर्वांत फसवा निर्देशक आहे. ग्लोब्युलिनांची वाढ व रक्तक्षय हे दोन्ही या संसर्गात सामान्यपणे आढळतात व दोन्हींमुळे तो वाढतो. म्हणून दुसरा कोणताही आजार नसतानाही, विशेषतः उपचारापूर्वी, तो बराच वाढलेला असू शकतो. उलटपक्षी तो साधारण असला म्हणून क्षयाचा वा अन्य संसर्गाचा संभव फेटाळता येत नाही.

(२) सीआरपीवर रक्तक्षयाचा असा परिणाम होत नाही व केवळ एचआयव्हीमुळे होणारी त्याची वाढ बहुधा अल्प असते. यामुळे ते ठळकपणे वाढलेले आढळल्यास ‘एचआयव्हीमुळे असे होतेच’ असे म्हणून सोडून देणे धोक्याचे असते. क्षय, सूक्ष्मजंतुजन्य फुप्फुसशोथ, लसीका ग्रंथींचा कर्करोग, उपचाराच्या प्रारंभी प्रतिरक्षा यंत्रणा पुन्हा जागी होताना उद्‌भवणारा शोथ-संलक्षण-समूह यांचा शोध घ्यावा लागतो. यकृत निकामी झाले असल्यास अथवा स्टेरॉइड औषधे चालू असल्यास मात्र गंभीर आजारातही सीआरपी अपेक्षेइतके वाढत नाही.

(३) हृद्‌विकाराचा धोका अजमावण्यासाठी वापरावयाचे अतिसंवेदी सीआरपी परीक्षण वेगळे होय. अमेरिकेतील तज्ञमंडळांनी २००३ मध्ये दर लिटरला १ मिग्रॅ.पेक्षा कमी, १ ते ३ व ३ पेक्षा अधिक असे अनुक्रमे अल्प, मध्यम व अधिक धोक्याचे तीन गट ठरविले. मूल्य १० पेक्षा अधिक आल्यास ते हृद्‌विकाराशी न जोडता आधी संसर्गाचा शोध घ्यावा व काही दिवसांनी मोजणी पुन्हा करावी, असेही सुचविले. हे गट सर्वसाधारण लोकसंख्येच्या अभ्यासांवरून ठरविलेले आहेत, हे एचआयव्हीबाधितांच्या बाबतीत ध्यानात ठेवावे लागते.

(४) एकके पाहिल्याशिवाय आकड्यांची तुलना करू नये. काही प्रयोगशाळा सीआरपी दर लिटरमध्ये, तर काही दर डेसिलिटरमध्ये देतात. दर डेसिलिटरला १ मिग्रॅ. म्हणजे दर लिटरला १० मिग्रॅ. होय. डी-डायमरच्या बाबतीतही दोन भिन्न एकक-पद्धती रूढ आहेत. तसेच साध्या सर्दी-तापाने वा दुखापतीनेही मूल्य तात्पुरते चढत असल्याने एकाच मोजणीवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

(५) समूहात धोका दर्शविणारा निर्देशक व्यक्तीच्या बाबतीत उपचार ठरविण्यास पुरेसा असतोच असे नाही. इंटरल्यूकिन-६ व डी-डायमर यांची एचआयव्हीबाधितांत नेमाने मोजणी करण्याची शिफारस उपचारविषयक मार्गदर्शिका करीत नाहीत, याचे कारण हेच. डी-डायमर वाढले म्हणून रक्तक्लथनविरोधी औषध देणेही समर्थनीय ठरत नाही.

निर्देशक व उपचार : आकडा सुधारला म्हणजे रोगी सुधारला, ही समजूत किती फसवी असते, याचा धडा इंटरल्यूकिन-२ च्या चाचण्यांनी दिला. हे औषध दिल्यास सीडी-४ कोशिका निश्चितपणे वाढतात. परंतु ४,१११ व १,६९५ व्यक्तींवरील दोन चाचण्यांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, केवळ एआरटी घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यामुळे संधिसाधू रोग वा मृत्यू कमी झाले नाहीत. हेच तत्त्व शोथालाही लागू पडते. सर्वसाधारण हृद्‌रुग्णांत शोथाचा एक मार्ग रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅब या प्रतिपिंडाने सीआरपीबरोबरच हृद्‌विकाराचे झटकेही घटल्याचे २०१७ मध्ये दिसून आले; पण अल्प मात्रेतील मेथोट्रेक्झेट या शोथरोधकाने हृद्‌रुग्णांत २०१८ च्या मोठ्या चाचणीत तसा लाभ झाला नाही.

एचआयव्हीबाधितांना प्रत्यक्ष उपयोगी पडलेला उपाय २०२३ मध्ये ‘रिप्रीव्ह’ या चाचणीतून पुढे आला. भारतासह १२ देशांतील ७,७६९ व्यक्तींच्या या चाचणीत पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध रोज ४ मिग्रॅ. घेणाऱ्यांत हृदय व रोहिण्यांच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी आढळल्या. या व्यक्तींची निवड शोथनिर्देशकांवरून नव्हे, तर वय, रक्तदाब, धूम्रपान इत्यादी नेहमीच्या घटकांवरून काढलेल्या धोक्याच्या अंदाजावरून झाली होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

भारतीय संदर्भ : भारतात एचआयव्ही संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नई (तेव्हाचे मद्रास) येथे आढळला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली व त्याच वर्षी पुण्याजवळील भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून मोफत एआरटी मिळू लागली व २०१७ पासून सीडी-४ गणना कितीही असली, तरी निदान होताच ती देण्याचे धोरण स्वीकारले गेले. भारतातील एचआयव्हीबाधितांमध्ये क्षय हा सर्वांत महत्त्वाचा संधिसाधू रोग आहे. त्यामुळे येथे वाढलेल्या निर्देशकाने उपस्थित केलेला पहिला प्रश्न भावी हृद्‌विकाराचा नसून आजच्या क्षयाचा असतो.

या दृष्टीने जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस महत्त्वाची आहे. खोकला, ताप, वजनातील घट व रात्रीचा घाम या चार लक्षणांवरून क्षयाचा संशय घेण्याची रीत पूर्वीपासून आहे. तथापि अद्याप एआरटी न घेणाऱ्यांत ही लक्षणे वारंवार आढळत असल्याने अनेकांची तपासणी निष्कारण होते. दर लिटरला ५ मिग्रॅ.पेक्षा अधिक सीआरपी ही क्षयाच्या प्राथमिक चाळणीसाठी वापरता येईल, असे संघटनेने सुचविले. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत होणारी ही चाचणी निदान करीत नाही. कोणाच्या थुंकीची पुढील तपासणी करावी एवढेच ती सांगते. व्हेस्टरग्रेन यांनी क्षयरुग्णांवर वापरलेल्या नळीपासून सुरू झालेली ही वाटचाल अशा रीतीने शतकानंतर पुन्हा क्षयाच्याच शोधापाशी आली आहे.

वाढलेला शोथनिर्देशक हा एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या बाबतीत एक प्रश्न असतो, उत्तर नव्हे. व्हायरस आटोक्यात आहे काय, उपचारात खंड पडला आहे काय, क्षय वा अन्य संसर्ग दडलेला आहे काय, आणि धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह यांसारख्या बदलता येण्याजोग्या गोष्टींकडे दुर्लक्ष झाले आहे काय, हे त्याने क्रमाने विचारावयास लावावे. चाळीस वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झालेला सर्वांत प्रभावी शोथरोधक उपचार अखंड घेतलेली एआरटी हाच होय. एखादा आकडा थोडा चढलेला दिसला म्हणून घाबरून, किंवा तो उतरला म्हणून निर्धास्त होऊन ती थांबविणे, हे स्मार्ट चाचणीने दाखविल्याप्रमाणे जिवावर बेतू शकते.